हुकूमनामा म्हणजे नुसता कागद नव्हे

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ हे आपल्याकडचे जुनेच सांगणे. त्याला जोडून आज असे म्हटले जाते, की दावा जिंकला तरी पदरात पडतो तो नुसता कागद. जमीन आणि घर ताब्यात ठेवतो तो दांडगाच. या मताला अनुभवाचा आधार आहे. भारतात पक्षकाराच्या अडचणी हुकूमनामा मिळाल्यावर सुरू होतात, असे प्रिव्ही कौन्सिलने 1872 मध्येच म्हटले होते. 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशभरातून माहिती मागवली, तेव्हा हुकूमनामे बजावून घेण्यासाठीच्या 8 लाख 82 हजारांहून अधिक दरखास्ती प्रलंबित निघाल्या. सर्वांत जास्त होत्या मुंबई उच्च न्यायालयाच्या अधिकारक्षेत्रात.

हे आकडे लाजिरवाणे आहेत. पण त्यांतून सिद्ध होते ती अंमलबजावणीतली दिरंगाई. हुकूम दुबळा असतो, हे त्यांतून सिद्ध होत नाही.

1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचा 21 वा आदेश उघडून पाहावा. पैशाचा हुकूमनामा असेल, तर ऋणकोची मालमत्ता जप्त करून विकता येते. कब्जाचा असेल, तर बेलीफ कब्जा वॉरंट घेऊन जातो आणि जागा न सोडणाऱ्याला बाहेर काढू शकतो. कुणी अडथळा आणला, तर त्याच्या हक्काचा वादही त्याच दरखास्तीत निकाली निघतो. नव्या दाव्याची गरज नाही. खरेदीखत करून देण्याचा हुकूम झाला आणि प्रतिवादी सही करत नसेल, तर न्यायालय त्याच्या वतीने ते पुरे करते. विरोधकाच्या सहीवाचून खरेदी पूर्ण करणारा हुकूम नुसता कागद कसा?

दुसरा आक्षेप असा, की हुकूम धूर्त माणसाच्याच कामी येतात. तो स्टे आणतो आणि वर्षानुवर्षे निवांत बसतो. असे घडते. पण निशाणी 5 च्या, म्हणजे तात्पुरती मनाई मागणाऱ्या, अर्जावर समोरच्याला न ऐकता तूर्तातूर्त मनाई द्यायची, तर न्यायालयाला कारणे लिहावी लागतात आणि तो अर्ज 30 दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न करावा लागतो. मनाई अन्यायाची वाटली, तर ती उठवण्यासाठी अर्ज करता येतो. ती मोडणाऱ्याची मालमत्ता जप्त होऊ शकते, त्याला तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैदही होऊ शकते. म्हणजे धूर्ताला आवर घालण्याची तरतूद कायद्यात आहेच. ती वापरायची, तर समोरच्या पक्षकाराने गप्प बसून चालत नाही.

याच ठिकाणी आपला सर्वांत घातक गैरसमज आड येतो. निकाल लागला की पुढचे सारे कोर्ट आपणहून करील, असे अनेकांना वाटते. तसे होत नाही. हुकूमनामा बजावून घ्यायचा, तर दरखास्त दाखल करावी लागते आणि त्यासाठी साधारणपणे 12 वर्षांची मुदत असते. निकालाची प्रत कपाटात ठेवून मुदत घालवणाऱ्याला कायदा वाचवू शकत नाही. कायमच्या मनाईच्या हुकूमनाम्याला मात्र ही मुदत लागू नाही.

दोष न्यायव्यवस्थेचाही आहे, आणि तो मोठा आहे. दरखास्त सहा महिन्यांत निकाली काढावी, असे सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये बजावले होते. चार वर्षांनी समोर आलेले आकडे पाहता ते पाळले गेलेले नाही. सहा महिन्यांची मुदत कसोशीने पाळली गेली पाहिजे; उशीर झाला, तर त्याची कारणे लेखी नोंदवली गेली पाहिजेत. बेलीफांची संख्या पुरेशी हवी आणि न्यायालयाने मागितलेला पोलीस बंदोबस्त वेळेवर मिळायला हवा. ऋणकोकडून मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र सुरुवातीलाच घेतले, तर ती लपवायला त्याला अवधी राहणार नाही.

न्यायालयाचा आदेश हे दुबळ्याच्या हाती असलेले सर्वांत मोठे बळ आहे. पैसा, माणसे आणि वशिला नसलेल्या विधवेलाही त्याच्या आधारे धनदांडग्याकडून आपली जमीन परत घेता येते. त्याला कागद म्हणून हिणवणारे नकळत त्या धनदांडग्याचीच बाजू घेतात. ज्यांच्या बाजूने निकाल लागला आहे त्यांनी आजच वकिलाला गाठून दरखास्त लावावी, आणि ती वेळेत तडीस नेण्याचा जाब आपण सर्वांनी शासनाला व न्यायव्यवस्थेला विचारावा.