हाड इस्पितळात जोडतं, चालणं घरातच परत येतं



बंदी उठली, होड्या पाण्यात गेल्या, जो तो आपल्या कामाला लागला. आज मासळीच्या दराबद्दल नाही, एका मोडलेल्या पायाबद्दल लिहायचं आहे.

मे महिन्याच्या अखेरीस आपले एक ज्येष्ठ सभासद जेटीच्या पायरीवर शेवाळावरून घसरले. नाव लिहू नका असं त्यांनी बजावलंय, म्हणून नुसतं काका म्हणतो. वय बहात्तर, उभा जन्म रापण ओढण्यात गेला. डाव्या मांडीचं हाड खुब्याजवळ मोडलं. पहिले दोन दिवस घरीच पाल्याचा लेप लावून ठेवलं. मग इस्पितळ, ऑपरेशन, हाडात सळी. आम्ही वर्गणी काढली, फळांची टोपली घेऊन गेलो, या पानावर फोटोही टाकला. आपलं काम झालं असं आम्ही धरून चाललो. ती आमची चूक होती.

तीन आठवड्यांनी एका अर्जावर सही घ्यायला घरी गेलो, तर काका आतल्या काळोख्या खोलीत आडवे. पाठीला खालच्या बाजूला जखम झालेली, टाच लाल पडलेली. आवाज पार खोल गेलेला. घरच्यांनी हेळसांड केली असं मुळीच नाही. उलट ती फार जपत होती. "परत पडले तर?" या भीतीने त्यांना खाटेवरून उतरूच देत नव्हती. वॉकर धरून रोज चालवा, असं डॉक्टरांनी इस्पितळातच सांगितलं होतं. व्यायामाचा कागद देवाच्या फोटोमागे खोचलेला होता.

आमचं मत स्पष्ट आहे. म्हाताऱ्या माणसाला निजवून ठेवणं ही सेवा नव्हे. असं ऑपरेशन झालं की डॉक्टर बहुतेकांना दुसऱ्याच दिवशी उभं करायला बघतात, ते उगीच नाही. निजून राहिलं की मांडीचं मांस झपाट्याने झडतं, छातीत कफ साठतो, पायाच्या शिरेत रक्ताची गाठ होऊ शकते, पाठीला जखमा होतात. किती भार द्यायचा ते डॉक्टर सांगतील, पण त्यांनी चालवा म्हटलं तर चालवायचंच. आणि मोडलेल्या हाडाला आधी लेप, मग इस्पितळ, हा क्रम आता सोडूया. पाय आखूड किंवा वाकडा दिसला तर चोळू नका, ओढू नका, 108 ला फोन करा.

दुसरी गोष्ट जेवणाची. काकांना तीन आठवडे पेज आणि लोणचं. का, तर मासळीने जखम चिघळते! मासेमाराच्या घरात आजारी माणसालाच मासे बंद! हाड आणि मांस भरून यायला प्रथिनं लागतात. बांगडा, तारले यांत ती भरपूर आहेत. बंदीत ताजी मासळी नसेल तर अंडी, डाळ, कडधान्यं द्या. मधुमेह किंवा किडनीचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारून द्या.

तिसरी गोष्ट बोलायला जड जाते. काकांची सून बाजारात मासळी विकते. ती तीन आठवडे घरी बसली आणि तिच्या जागेवर दुसरंच कोणी बसलं. मुलगा आणि शेजारचे आम्ही सगळे पुरुष बंदीच्या 61 दिवसांत जाळी विणत, पत्ते कुटत होतो. सेवा म्हणजे बायकांचं काम, हे आपण कधी ठरवलं? होडी ओढायला वीस हात येतात, मग माणूस उठवायला एकच का?

मग आम्ही पाळी लावली. सकाळी दोघे, संध्याकाळी दोघे. रात्री दर दोन तासांनी कूस बदलायचं काम मुलाने घेतलं. पाठीच्या जखमेची पट्टी बदलायला आरोग्य केंद्राची नर्स येऊ लागली. पहिल्या दिवशी काका चार पावलं चालले आणि आम्हाला शिव्या घातल्या. पंधरा दिवसांनी वॉकर घेऊन जाळ्यांच्या शेडपर्यंत आले. सून बाजारात गेली, पण आपली जागा मिळवायला तिला भांडावं लागलं.

घरी कोणी असं असेल तर एवढं करा. संडासात धरायला दांडा आणि उंच कमोड बसवा. फरशी कोरडी ठेवा, पायपुसणी काढा, रात्री दिवा चालू ठेवा. काठी बऱ्या पायाच्या बाजूच्या हातात. पायरी चढताना बरा पाय आधी, उतरताना दुखरा आधी. पोटरी सुजली, धाप लागली, ताप आला किंवा जखमेतून पू आला तर थांबू नका, इस्पितळात न्या.

आता पैशांचं. केंद्राच्या मत्स्य संपदा योजनेतल्या अपघात विम्यात मृत्यू किंवा कायमच्या पूर्ण अपंगत्वाला 5 लाख, कायमच्या अंशतः अपंगत्वाला 2.5 लाख आणि इस्पितळ खर्चाला 25 हजारांपर्यंत मिळतात. पण वयाची अट 18 ते 70. काका बहात्तरचे. सत्तरीनंतरही रापणीला हात लावणारे आपल्यात कितीतरी आहेत, ते विम्याबाहेर. ही अट बदलावी म्हणून संस्थेने मत्स्य खात्याला निवेदन द्यावं, असं आमचं म्हणणं आहे. ज्यांचं वय बसतं त्यांनी नाव नोंदवलंय की नाही ते कार्यालयात येऊन बघा. दीनदयाळ कार्डाची मुदतही तपासा.

येत्या सर्वसाधारण सभेत आम्ही तीन ठराव मांडणार आहोत. कार्यालयात दोन वॉकर, एक कमोड खुर्ची आणि एक चाकाची खुर्ची ठेवायची, लागेल त्याने न्यायची. जखमी सभासदाच्या घरी मदतीची पाळी संस्थेने लावायची. आणि घरी सेवेला बसलेल्या मासळी विक्रेतीची बाजारातली जागा तीन महिने राखून ठेवायची. तिसऱ्यावर वाद होईल, माहीत आहे. होऊ दे. सभेला या आणि बोला.

कोणाच्या माळ्यावर जुना वॉकर धूळ खात पडला असेल तर सभेची वाट बघू नका, आजच आणून द्या. आणि जेटीची ती पायरी या रविवारी सकाळी सात वाजता घासायची आहे. ब्रश आपापला आणावा.

आपला,
सचिव, संस्थेच्या वतीने