पोळी आपली, टाळी दुसऱ्याची

२ ऑक्टोबर १९९२ रोजी झी टीव्ही सुरू झाला. उपग्रहावरून येणारी ही पहिली खाजगी हिंदी वाहिनी. तोवर दूरदर्शन दाखवील ते पाहायचे, असा कारभार होता. खाजगी वाहिनी आली आणि निवड करायला वाव मिळाला. 'तारा' आली, 'अंताक्षरी' आली, 'सा रे ग म' आले, पुढाऱ्यांना पिंजऱ्यात बसवून जाब विचारणारी 'आप की अदालत' आली, भुताखेतांच्या गोष्टीही आल्या. १९९९ साली त्याच घरातून अल्फा मराठी निघाली. तीच आजची झी मराठी. सरकारची मक्तेदारी मोडली याचा आनंद इतर कोणाहीपेक्षा शेतकऱ्याला जास्त व्हायला हवा. मक्तेदारी काय चीज असते, ते १९७२ साली सुरू झालेल्या एकाधिकार कापूस खरेदीत आपण पुरेपूर भोगले आहे.

तेव्हा खाजगी वाहिन्या नकोत, असे आम्ही म्हणणार नाही. प्रश्न वेगळा आहे. एवढी दुकाने उघडली, एवढा माल मांडला. त्यात शेतीचा कोपरा कुठे आहे?

सकाळी भविष्य, दुपारी जुने भाग, संध्याकाळी सासू-सून, रात्री गाण्याच्या नाहीतर विनोदाच्या स्पर्धा. गाव दिसत नाही असे नाही. 'तुझ्यात जीव रंगला' कोल्हापूरकडची, 'लागिरं झालं जी' साताऱ्याकडची. दोन्ही मालिका आपल्या घरांतही आवडीने पाहिल्या गेल्या. पण ते गाव पाण्याचे. तालीम आहे, वाडा आहे, हिरवे रान आहे. पावसाने ओढ दिली, दुबार पेरणी आली, ज्वारीवर चिकटा पडला, पहिल्या वेचणीचा कापूस कृषी केंद्राच्या उधारीत गेला, यावर कुणा नायकाची गोष्ट वळलेली आठवते का?

याचे कारण कुणाचा दुष्टावा नव्हे. खाजगी वाहिनी जाहिरातीवर चालते. जाहिरातदार पैसे मोजतो ते प्रेक्षकांच्या संख्येवर. आणि ही संख्या वर्षानुवर्षे शहरांतच मोजली जात होती. २०१५ साली बार्क ही नवी मोजणी सुरू झाली आणि त्या ऑक्टोबरापासून खेड्यांचे आकडेही येऊ लागले. तेव्हा मुंबईकरांना कळले की, खेड्यातला माणूसही टीव्ही पाहतो! महिन्याचे भाडे नसलेल्या सरकारी फ्री डिशवर झी अनमोल दिसत होती. ग्रामीण यादीत ती वरच्या क्रमांकांवर जाऊन बसली.

मग खेड्यासाठी नवे काय काढले? झी अनमोलवर होत्या त्या झी टीव्हीच्याच जुन्या मालिका. शहरात वापरून झालेला माल खेड्यात. पुढे मार्च २०१९ मध्ये अनमोलसह मोठ्या कंपन्यांच्या अशा चार वाहिन्या फ्री डिशवरून काढून घेतल्या, जून २०२० मध्ये परत आणल्या, एप्रिल २०२२ मध्ये पुन्हा काढल्या. हिशेब कंपन्यांचा होता. आपली मोजणी झाली ती साबण, बिस्किटे घेणारे गिऱ्हाईक म्हणून; पिकवणारा म्हणून झालीच नाही.

शेतीचा कार्यक्रम खाजगी वाहिनीला परवडत नाही, हे मात्र खरे नव्हे. ईटीव्हीने 'अन्नदाता' रोज सकाळी दाखवला, तेलुगूत आणि मराठीतही, आणि लोकांनी तो लवकर उठून पाहिला. सरकारी बाजूला 'कृषिदर्शन' १९६७ पासून आहे, मुंबई दूरदर्शनची 'आमची माती आमची माणसं' आहे, २०१५ पासून किसान वाहिनी आहे. त्यांचे ऋण मान्य. पण तिथला सूर बहुधा असा की, शेतकरी अडाणी आहे, त्याला पिकवायला शिकवा. विकायचे केव्हा नि कुठे, हे कोण सांगणार?

आता मुद्द्याची गोष्ट. केंद्र सरकारच्या नोव्हेंबर २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनी, काही अपवाद सोडता, प्रत्येक वाहिनीवर रोज ३० मिनिटे लोकहिताचा मजकूर दाखवण्याचे बंधन घातले. विषय आठ, त्यांत शेती आणि ग्रामविकास आहे. पण पळवाटाही तेवढ्याच. अर्धा तास सलग नको, तुकड्यांनी चालतो. आठांपैकी कोणता विषय घ्यायचा, ते वाहिनी ठरवणार. म्हणजे वर्षभर शेतीचा एक शब्द न काढता नियम पाळल्याचा अहवाल देता येतो.

शेतकरी भावांनो आणि मायबहिणींनो, आपल्याला उपदेश नको, बातमी हवी. पडद्याखालच्या पट्टीवर शेअरचे भाव दिवसभर पळतात. त्याच पट्टीवर रुईच्या खंडीचा, सरकीचा आणि ज्वारीचा भाव पळायला काय अडचण आहे? कामगंध सापळ्यात सलग तीन दिवस रोज आठ पतंग सापडले की गुलाबी बोंडअळीसाठी हालचाल करायची, ही गोष्ट सांगायला एक मिनिट पुरते. ते मिनिट ऑगस्टात हवे. बोंडे किडल्यावर डिसेंबरात नको.

ज्याची खावी पोळी, त्याची वाजवावी टाळी, असे म्हणतात. वाहिनीला पोळी देतो जाहिरातदार. जाहिरातदाराला पोळी देतो आपण, दुकानात साबणाची वडी घेताना. पोळी आपली आणि टाळी दुसऱ्याची, हे किती दिवस चालायचे?

म्हणून या जिल्हा बैठकीत एक साधे काम ठरवू. प्रत्येक गावात दोन मुले-मुली नेमा. आठ दिवस त्यांनी वहीत लिहावे: कोणती वाहिनी, कोणता वार, शेतीवर किती मिनिटे. शून्य असेल तर शून्य लिहा, आकडा फुगवू नका. तालुक्याचा गोषवारा करून एक प्रत वाहिनीला, एक माहिती आणि प्रसारण मंत्रालयाला आणि एक त्या वेळेत सर्वांत जास्त जाहिरात करणाऱ्या कंपनीला पाठवू. आपल्याला मोजणारे आजवर दुसरे होते. आता एकदा आपण मोजू.