टॅब छोटा, फोटो मोठा!

"फोटो एडिट करायचाय? मग आधी लॅपटॉप घे!" हॉस्टेलवर हा सल्ला फुकट मिळतो, लॅपटॉप मात्र नाही. मग कोरडवाहू शेतीवाल्या घरच्या मुलामुलींनी मॅगझिनच्या फोटो-पानाकडे फिरकायचंच नाही का? माझं स्पष्ट मत आहे, ३ जीबी रॅमच्या टॅबवरही हे काम होतं. फक्त आधी गणित करावं लागतं.

समजा, जिंतूर तालुक्यातल्या चारठाण्याच्या मंदिराचा ४८ मेगापिक्सेलचा फोटो आहे. (पिक्सेलला मराठी शब्द कॉन्व्हेंटवालीला विचारू नका!) फाइल दिसते १२ एमबीची, कारण जेपेगमध्ये ती आवळलेली असते. उघडली की दर पिक्सेलला साधारण ४ बाइट, म्हणजे १९२ एमबी. चार लेयर केले की ७६८! वर अनडूसाठी जपलेल्या जुन्या प्रती, आणि अँड्रॉइड तर आपला वाटा आधीच घेऊन बसलेलं. मग ॲप पटकन बंद होतं आणि तासाभराची मेहनत पाण्यात. मेमरी कार्ड वाढवून उपयोग नाही. ते धान्याचं कोठार, रॅम म्हणजे स्वैपाकाचा ओटा.

आता छपाईचं बघा. ३०० डीपीआयने पूर्ण ए-फोर पानाला २४८० गुणिले ३५०८, म्हणजे सुमारे ८७ लाख पिक्सेल पुरतात. बाकीचे कशाला वागवायचे? मूळ फाइल जपून ठेवा, कॉपी घ्या, हवा तेवढा भाग क्रॉप करा, मग लहान करा आणि नंतरच लेयर उघडा. खांबावरची एकच मूर्ती हवी असेल, तर मात्र ते ४८ कामाला येतात.

संपादक मंडळानेही नोटिशीत नुसतं 'हाय रिझोल्यूशन पाठवा' लिहू नये. पिक्सेलचा आकडा लिहावा.