स्नेहसंमेलन सीमोल्लंघनापूर्वी

जूनच्या मध्यास शाळा उघडते, पहिल्या पंधरवड्यात पटनोंदणी व पुस्तकवाटप आटोपते, आणि आषाढ लागता लागता बीड जिल्ह्यातील वाडीवस्तीवरच्या जिल्हा परिषद शाळेच्या व्हरांड्यात वर्षभरातील आगामी उपक्रमांची यादी रंगीत खडूने लिहिली जाते. यादी वाचावयास मोठी आल्हाददायक असते. केंद्रस्तरीय क्रीडास्पर्धा, ३ जानेवारीस सावित्रीबाई फुले यांची जयंती, बालआनंद मेळावा, शैक्षणिक सहल, २६ जानेवारीचे लेझीम व कवायत, त्याच सुमारास स्नेहसंमेलन, २७ फेब्रुवारीस मराठी भाषा गौरव दिन आणि दुसऱ्याच दिवशी विज्ञान दिन. ज्याने कोणी ती सजविली त्याच्या हौसेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, वडवणी, धारूर, केज या तालुक्यांची ज्याला थोडीबहुत माहिती आहे, त्याच्या ध्यानात एक गोष्ट तत्काळ येते ती ही की, या यादीतील आनंदाच्या बहुतेक बाबी मार्गशीर्ष ते माघ या काळात येतात, आणि नेमक्या त्याच काळात पटावरील कित्येक मुले सांगली, कोल्हापूर, सातारा, सोलापूर, नगर किंवा थेट कर्नाटकातील बेळगाव-बागलकोटच्या कारखान्यांच्या परिसरात, आईबापांच्या पाठोपाठ, उसाच्या फडात असतात. ज्या समारंभाची घोषणा त्यांच्या डोळ्यांदेखत फळ्यावर झाली, तो समारंभ त्यांच्या पाठीमागे पार पडतो. ही यादी बदलली पाहिजे, आणि ती बदलण्यास पैसा लागत नाही, एवढेच सांगण्यासाठी हा लेखप्रपंच.

लहान खेड्यातील शाळेचे विद्यार्थिजीवन म्हणजे नेमके काय, याची कल्पना शहरातील वाचकांस सहसा नसते. दोन खोल्या, दोन शिक्षक. पहिली-दुसरी एका खोलीत, तिसरी-चौथी दुसरीत. एका फळ्याचे उभ्या रेघेने केलेले दोन भाग, डावीकडे बेरजा आणि उजवीकडे भागाकार. सकाळी परिपाठास प्रतिज्ञा म्हणावयाचा मान आळीपाळीने येतो, आणि ज्याची पाळी असते ते पोर आदल्या रात्रीपासून ती पुटपुटत असते. शनिवारी सकाळची शाळा असते. दप्तराचे ओझे त्या दिवशी पुष्कळ ठिकाणी घरीच राहते. दुपारी खिचडीच्या पातेल्याभोवती पंगत बसते, तीत चौथीतील एखादी मुलगी स्वतःच्या ताटाआधी पहिलीतील भावाचे ताट वाढून घेते, त्यातली मिरची निवडून आपल्या ताटात टाकते आणि मगच जेवावयास बसते. त्याच मुलीस बालसभेत अध्यक्षस्थानी बसवा, ती शिक्षकाच्या खुर्चीवर पाय लोंबकळत ठेवून अशा गांभीर्याने सभेचे कामकाज चालविते की ग्रामसभेने तिच्यापासून धडा घ्यावा. वीस-बावीस मुलांच्या शाळेत कोणीही नुसता प्रेक्षक राहू शकत नाही. नाटुकले बसवायचे तर राजाही हवा, शिपाईही हवा आणि पडदा ओढणाराही हवा. सर्वांना काम मिळते, आणि ज्याला वाचताना अडखळायला होते त्याला ढोलकी तरी मिळतेच. मोठ्या शाळेत निवड होते. लहान शाळेत निवडीस वावच नसतो. हा तिचा गुण आहे, आणि पटसंख्येच्या कोष्टकात तो कोठेही नोंदविला जात नाही.

मग दसरा येतो. भगवानबाबांना मानणारा कष्टकरी समाज सावरगावच्या मेळाव्याला जातो, आपट्याची पाने वाटली जातात, आणि सीमोल्लंघन या शब्दास या मुलुखात जो अर्थ आहे तो अन्यत्र क्वचितच असेल. मुकादमाकडून घेतलेली उचल केव्हाच खर्ची पडलेली असते. ती फेडावयाची तर नवरा-बायकोचा कोयता फडात गेलाच पाहिजे. काही टोळ्या दसरा होताच निघतात, बहुसंख्य दिवाळीच्या आगेमागे. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बाजेशेजारी पत्र्याची पेटी, पेटीशेजारी शेळी आणि शेळीशेजारी मूल, अशा क्रमाने संसार रचला जातो. कारखान्याच्या तळावर कोपी उभारली की आईबाप पहाटेच्या अंधारात तोडीला जातात; मागे राहिलेल्या मुलाकडे पाणी भरणे, लहान भावंड सांभाळणे, वाढे गोळा करणे ही कामे आपसूक येतात. इकडे गावच्या शाळेत सुटीनंतर हजेरी घेताना गुरुजी काही नावांशी क्षणभर थांबतात आणि पुढे जातात.

आता या प्रकारातील खरी विसंगती पाहावी. उसाचे गाळप केव्हा सुरू करावयाचे, याचा निर्णय दरवर्षी मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील मंत्री-समिती घेते. २०२३ साली १ नोव्हेंबर ही तारीख ठरली होती, २०२४ साली १५ नोव्हेंबर आणि २०२५ साली पुन्हा १ नोव्हेंबर. म्हणजे मुले गाव केव्हा सोडणार हे सरकारास ठाऊक असते. ठाऊकच काय, ती तारीख सरकारच ठरविते. दुसरीकडे शाळांच्या सुट्ट्यांची यादी जिल्हा परिषदेचा शिक्षण विभाग काढतो. दोन्ही कागद एकाच राज्याच्या कारभारातील, परंतु त्यांची गाठ पडावी अशी व्यवस्था नाही. यात आणखी एक मासला असा की, शाळेच्या पटाची अधिकृत गणना ३० सप्टेंबरच्या स्थितीवर होते आणि शिक्षकांची पदे त्या आकड्यावर मंजूर होतात. २०११ साली राज्यभर गाजलेली विशेष पटपडताळणीही ३ ते ५ ऑक्टोबर या दिवसांतच झाली होती. यात कोणाचा कावा आहे असे मला म्हणावयाचे नाही. तारखा राज्यभरासाठी एकच ठेवाव्या लागतात. तथापि सरकारी दप्तरास जे मूल सप्टेंबरात दिसते तेच मूल जानेवारीतही दिसते, हे मात्र खरे. गणनेसाठी जी मुले शाळेची, ती स्नेहसंमेलनासाठी मात्र कोणाचीच नाहीत.

परीक्षांची कथा याहून कठोर आहे. गेवराई तालुक्यात गढी येथे जवाहर नवोदय विद्यालय आहे. खेड्यातील हुशार मुलास सहावीपासून बारावीपर्यंत निवासासह विनामूल्य शिक्षण मिळवून देणारा तो जिल्ह्यातील एक मोठा दरवाजा. त्याची प्रवेशपरीक्षा हिवाळ्यात होते. शिष्यवृत्तीची परीक्षा सामान्यतः फेब्रुवारीत येते. ज्यांना या दोहोंची सर्वाधिक गरज, त्या मुलांची या परीक्षांच्या दिवसांतील हजेरी फडात लागते. ही तारखांची बाब देशपातळीवरची आणि राज्यपातळीवरची. जिल्ह्याच्या हातात ती नाही, म्हणून येथे तिचा नुसता निर्देश करून पुढे जातो. उपक्रमांची यादी मात्र पूर्णपणे जिल्ह्याच्या, किंबहुना शाळेच्याच हातात आहे.

कोणी म्हणेल, वाचन-लेखनाची मारामार असताना स्नेहसंमेलनाची चिंता कशाला? या आक्षेपात एक गैरसमज दडलेला आहे. नाच, नाटक, सहल, खेळ हे शिक्षणाचे अलंकार असून पोटभर शिकून झाल्यावर ते अंगावर घालावयाचे, अशी आपल्याकडील सुशिक्षितांची समजूत दिसते. ज्याच्या घरात पुस्तक नाही आणि ज्याच्या आईबापांस वर्षातील पाच-सहा महिने अंथरुणाचाही नेम नाही, त्या मुलाचा शाळेशी जडलेला लोभ हा पाढ्यांपेक्षा या गोष्टींवर अधिक अवलंबून असतो. दिवाळीच्या तोंडावर आजीपाशी गावात राहावयाचे की आईबरोबर कारखान्यावर जावयाचे, हा प्रश्न आठ वर्षांच्या पोरापुढे खरोखरीच उभा असतो. घरात त्यावर वाद होतो आणि पुष्कळदा मुलाचे रडणे निर्णायक ठरते. अशा वेळी 'मला इथंच राहायचंय' असे त्याने म्हणावे, यासाठी शाळेजवळ काहीतरी आकर्षण असले पाहिजे. आणि जे जातीलच, त्यांनीही आपण या शाळेच्या रंगमंचावर एकदा उभे राहिलो होतो, एवढी ओळख बरोबर न्यावी. स्थलांतरित मुलास दुसऱ्या गावच्या शाळेत प्रवेश मिळावा म्हणून शिक्षण हमी कार्ड देण्याची पद्धत आहे, आणि ती चांगली आहे. पण बागलकोटकडच्या कन्नड शाळेत ते कार्ड घेऊन गेलेल्या पाटोद्याच्या मुलाने तेथे बसून काय करावे, हे त्या कार्डावर लिहिलेले नसते.

मुलांना गावातच ठेवण्याचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. कारखान्यांच्या तळांवर पूर्वी साखरशाळा निघाल्या. पुढे मूळ गावीच, शाळा व्यवस्थापन समितीच्या देखरेखीखाली, हंगामी वसतिगृहे चालविण्याची योजना आली. २०२१ साली संत भगवानबाबा यांच्या नावे शासकीय वसतिगृहांची योजना मंजूर झाली, तीत तालुक्याच्या ठिकाणी मुलांसाठी एक आणि मुलींसाठी एक वसतिगृह अभिप्रेत आहे. शिरूर कासार तालुक्यातील आर्वीच्या 'शांतिवन' या संस्थेने तर सरकारची वाट न पाहता हे काम अनेक वर्षे केले आहे. तरीही सहा वर्षांचे पोर तालुक्याच्या वसतिगृहात राहू शकत नाही. त्याच्यासाठी गावातील हंगामी वसतिगृहच खरे, आणि त्याची मंजुरी टोळ्या निघण्याआधी हाती आली नाही तर तिचा उपयोग कागदापुरता. मूल एकदा ट्रॉलीत चढले की नोव्हेंबराच्या अखेरीस आलेला आदेश त्याला परत आणू शकत नाही. वसतिगृहाची मंजुरी ऑगस्टमध्ये, आणि शाळेचा उत्सव सप्टेंबरात, असा क्रम लागला तर दोन्ही गोष्टी परस्परांस उपकारक ठरतील. उत्सवास आलेल्या आईबापांस त्याच मांडवात सांगता येईल की, पोराला ठेवून जा, येथे संध्याकाळच्या जेवणाची सोय झाली आहे. आणि ज्या बाईने ते जेवण शिजवावयाचे, तिलाच तेथे उभे करता येईल.

अडचणी आहेत, त्या नाकारण्यात अर्थ नाही. पहिली पावसाची. परंतु बालाघाटाच्या पठारावर पाऊस इतका उदार असता तर ही टोळ्यांची ये-जा जन्मासच आली नसती. भाद्रपदातील उघडिपीचा एक दिवस मिळणे येथे कठीण नाही, आणि न मिळाल्यास ग्रामपंचायतीचे सभागृह किंवा मंदिराचा सभामंडप आहेच. दुसरी अडचण वर्गणीची. उचलीमुळे दसऱ्याच्या सुमारास गावात पैसा खेळताना दिसतो, पण तो पैसा कर्जाचा आहे. त्यातून शाळेसाठी एक छदामही मागू नये. ध्वनिक्षेपक, रोषणाई आणि पाहुण्यांचे फेटे वगळले तर वीस मुलांच्या संमेलनास लागतेच काय? फेटे वगळल्याने काही पाहुणे येणार नाहीत, हा आणखी एक लाभ.

सहलीच्या बाबतीत तर ऋतुबदल हा निव्वळ फायद्याचा सौदा आहे. जानेवारीत भाड्याच्या गाडीने दूरच्या तीर्थक्षेत्री नेण्यापेक्षा श्रावण-भाद्रपदात जिल्ह्यातल्या जिल्ह्यात किती पाहण्यासारखे आहे! पाटोदा तालुक्यातील सौताड्याचा धबधबा हिवाळ्याअखेर जाऊन पाहण्यात काय हशील? तो पावसाळ्यातच पाहावा. त्याच तालुक्यात नायगावचे मयूर अभयारण्य आहे, आणि मोराने पिसारा फुलवावयाचे दिवसही हेच. गेवराई तालुक्यातील राक्षसभुवनास, जेथे १० ऑगस्ट १७६३ रोजी माधवराव पेशव्यांनी निजामाच्या फौजेचा पराभव केला, ऑगस्टमध्येच मुलांना नेऊन भरलेली गोदावरी दाखवावी. सन-सनावळ्या पाठ न होणाऱ्या मुलासही नदीचा तो फुगवटा पाहून लढाईत पाण्याचे महत्त्व कळेल, मात्र काठापासून अंतर राखून आणि पालकांना बरोबर घेऊन. बीडजवळची खजाना विहीर आहे, धारूरचा किल्ला आहे. १७ सप्टेंबर हा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन तर सर्व मुले गावात असताना येणारा आणि आपल्याच प्रांताचा सण; तो झेंडावंदन व चॉकलेटवाटप यांवर आटोपण्याऐवजी त्याच आठवड्यात संमेलन, खेळ आणि हस्तलिखित यांची सांगड का घालू नये? अंबाजोगाई, म्हणजे त्या वेळचे मोमिनाबाद, येथे शाळा चालविणारे स्वामी रामानंद तीर्थ हेच पुढे त्या लढ्याचे नेते झाले. एका शिक्षकाच्या नेतृत्वाने मुक्त झालेल्या मुलुखात मुक्तिदिन हा शाळांचा उत्सव व्हावा, यात अस्वाभाविक असे काही नाही.

हिवाळ्यात मागे राहणाऱ्या मुलांचे काय, हा प्रश्न उरतो, आणि तो महत्त्वाचा आहे. त्यांच्यासाठी २६ जानेवारी, बालिका दिन, भाषा दिन हे आहेतच. त्या तारखा कोणी हलवू शकत नाही आणि हलवूही नयेत. हलवावयाच्या त्या केवळ तीन गोष्टी : स्नेहसंमेलन, सहल आणि केंद्रस्तरीय खेळ. सबंध राज्याने तसे करावे असेही माझे म्हणणे नाही. कोल्हापूरच्या मुलांचा हंगाम निराळा, भामरागडचा निराळा. बीडच्या ज्या शाळांतून दिवाळीनंतर मुले कमी होतात, त्या शाळांपुरता हा फरक करावयाचा आहे; आणि त्या शाळा कोणत्या, हे केंद्रप्रमुखांस तोंडपाठ असते.

जिल्हा परिषदेच्या शिक्षण समितीने या तीन बाबी ३० सप्टेंबरच्या आत घेण्याची मुभा देणारे एक परिपत्रक काढावे, आणि ते निघेपर्यंत न थांबता शाळा व्यवस्थापन समित्यांनी येत्या मासिक सभेत तसा ठराव करावा. या समित्यांवर पालकच बहुसंख्य असतात, आणि या तालुक्यांतून त्यांपैकी अनेकांना दिवाळीनंतर सभेस हजर राहता येणार नाही. म्हणून ही सभा पावसाळ्यातच बोलावली गेली पाहिजे.