दुर्मिळ पाखरू, आठशे रुपये

आमच्या होस्टेलमध्ये सध्या पाखरांची साथ आली आहे. सुरुवात एका खोलीतल्या कपाटावर ठेवलेल्या झेब्रा फिंचच्या जोडीने झाली. आता त्याच विंगमध्ये चार पिंजरे आहेत, आणि एक महाशय कॅनरीसाठी पैसे साठवताहेत म्हणे. मेसमध्ये रोज रात्री चर्चा एकच : कोणती जात जास्त 'रेअर'! हा शब्द ऐकला की माझ्या पोटात गोळा येतो. का ते सांगतो.

फर्स्ट इयरला असताना शहरातल्या एका फिरत्या विक्रेत्याकडून मी हिरव्या पाखरांची जोडी घेतली. "ऑस्ट्रेलियन ग्रीन फिंच, दुर्मिळ माल," असं तो म्हणाला. आठशे रुपये दिले. घरून आलेला महिन्याचा खर्चच होता तो. दिवाळीच्या सुट्टीत जोडी खोक्यात घालून एस.टी.ने राजूरला नेली. वाटेतच एक गेलं. दुसऱ्यासाठी आजीने अंगणात ताटलीत पाणी ठेवलं. पाखराने पंख फडफडवून मनसोक्त आंघोळ केली आणि ताटलीतलं पाणी हिरवं झालं! खालून निघाला तपकिरी रंग आणि पोटावर खवल्यांसारखे ठिपके.

आजी वाकून बघत म्हणाली, "आरं, ही तर आपल्या भातावं येत्यात ती पाखरं. पैसं देऊन आणली व्हय?"

ठिपकेदार मुनिया होती ती. आमच्याकडे भात सोंगायला आलं की बांधावरच्या गवतात त्यांचे थवेच्या थवे उतरतात. म्हणजे माझ्याच शिवारात फुकट दिसणारं पाखरू कुणीतरी कुठूनतरी जाळ्यात धरलं, रंगात बुडवलं आणि मला 'दुर्मिळ' म्हणून विकलं. मी इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, सातवीपण न शिकलेल्या आजीने एका नजरेत ओळखलं ते मला महिनाभर ओळखता आलं नव्हतं. असो.

माझं म्हणणं असं नाही की पाखरं पाळूच नयेत. झेब्रा फिंच आणि गोल्डियन फिंच मूळचे ऑस्ट्रेलियाचे. त्या देशाने १९६० मध्येच आपल्या देशी पक्ष्यांची व्यापारी निर्यात बंद केली. आज आपल्याकडे मिळतात ते पिंजऱ्यातच पिढ्यान्पिढ्या जन्मलेले. कॅनरी तर पाचेकशे वर्षं माणसाळलेला पक्षी. कॅनरी बेटांवरचा मूळ पक्षी हिरवट-करडा, पिवळाधमक रंग माणसाने निवडून निवडून आणला. बेंगॉलीज फिंचचं नाव बंगालचं, पण तो घडला जपानमध्ये, आणि रानात तो कुठेच नाही. ही पाखरं कुणी नीट पाळत असेल तर माझी काही हरकत नाही. राळा, बाजरी, हिरवा पाला, समुद्रफेनाचा तुकडा, आंघोळीला पाणी आणि उडता येईल एवढा लांब पिंजरा (उंच नव्हे, लांब!) एवढं दिलं तर जोडी चांगली पाच-सात वर्षं जगते.

माझं भांडण आहे ते 'दुर्मिळ' या शब्दाच्या हौसेशी. त्याचं सगळ्यात वाईट उदाहरण कॅनरीचंच आहे. १९२० च्या दशकात जर्मनीत काही शौकिनांना लाल कॅनरी हवा होता. कॅनरीत लाल रंग नाहीच, म्हणून व्हेनेझुएलाकडचा रेड सिस्किन नावाचा छोटा लाल पक्षी आणून संकर केला. लाल-केशरी कॅनरी तयार झाला, जगभर गाजला. मग सिस्किनची मागणी वाढली, लोक जाळी घेऊन रानात शिरले. आज तो सिस्किन नामशेष होण्याच्या मार्गावर आहे. पिंजऱ्यातला रंग दुर्मिळ करायच्या नादात रानातला पक्षी दुर्मिळ झाला.

आपल्याकडची लाल मुनियाही याच वाटेने गेली. तिचं शास्त्रीय नाव 'अमंदावा' हे अहमदाबादवरून पडलं, कारण जुन्या काळी तिकडून ही पाखरं परदेशात जायची. म्हणजे पक्ष्याच्या नावातच बाजार! हिरवी मुनिया तर फक्त भारतातच सापडते आणि आज तिची गणना संकटग्रस्त पक्ष्यांत होते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मुनियांना संरक्षण आहे, १९९०-९१ पासून देशी पक्ष्यांचा व्यापार बंद आहे. विकणारा जसा गुन्हेगार, तसा घेणाराही. मी होतो. माहीत नव्हतं, हे काही कारण होत नाही.

आता होस्टेलचं. रेक्टर सर बंदीची नोटीस लावणार अशी कुणकुण आहे. या एका बाबतीत मी सरांच्या बाजूने आहे (मित्रांनो, शिव्या नंतर द्या). कोळशाच्या खाणीतल्या कॅनरीची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे. १८९० च्या दशकात हाल्डेन या शास्त्रज्ञाने सुचवलं आणि ब्रिटिश खाणींत १९८६ पर्यंत कार्बन मोनॉक्साइड ओळखायला कॅनरी नेत असत. पाखराचा श्वास भराभर चालतो आणि त्याच्या फुफ्फुसातून श्वास घेताना आणि सोडताना, दोन्ही वेळा ताजी हवा जाते. म्हणून विषारी वायू माणसाच्या आधी त्याला लागतो. आता आपल्या खोल्या आठवा. मच्छर कॉइल, उदबत्ती, हीटरच्या कॉइलवरची चोरटी मॅगी, आणि खिडकीशी ओढलेली ती दुसरी वस्तू. तापलेल्या नॉनस्टिक तव्याची वाफसुद्धा पाखराला मारते. दहा बाय बाराच्या अशा खोलीत पिंजरा टांगणं म्हणजे खाण आणि कॅनरी दोन्ही आपणच तयार करणं. त्यात सबमिशनच्या रात्री तीनपर्यंत ट्यूबलाइट. पाखराला झोप लागते ती अंधारात, आपल्या सोयीने नाही.

आणि सुट्टीत काय? मागच्या उन्हाळ्यात दोन पिंजरे वॉचमनकाकांच्या गळ्यात पडले. त्यांनी बिचाऱ्यांनी सांभाळले, पण त्यांना कुणी विचारलं होतं का?

माझ्या मुनियेचं पुढे काय झालं, ते विचाराल म्हणून सांगतो. खरं तर वनखात्याला कळवायला हवं होतं. घाबरलो. दोन दिवसांनी संध्याकाळी बांधावर नेऊन पिंजऱ्याचं दार उघडलं. एका पंखाची पिसं कापलेली होती, हे तेव्हा कुठे लक्षात आलं. ती उडाली खरी, पण थव्यापर्यंत पोचली नाही. खाली गवतात उतरली. अंधार पडेपर्यंत मी शोधत होतो.

पिंजरा अजून राजूरला माळ्यावर पडून आहे. घरी राहून झेब्रा फिंच पाळणाऱ्या कुणाला हवा असेल तर फुकट देईन. फक्त येताना सांगा, तुम्ही गावाला गेलात की दाणे कोण घालणार.