भिक्षापात्र ते अक्षय ठेव

धर्माचा विषय निघाला की पुरोगामी कार्यकर्ता बहुधा मार्क्सच्या अफूच्या उपमेपाशी येऊन थांबतो. १८४४ साली ती उपमा देणाऱ्या मार्क्सने त्याच ठिकाणी धर्मात पीडितांच्या दुःखाचा निषेधही पाहिला होता, याचा त्याला विसर पडतो. श्रद्धाळू माणूस दुरावतो आणि धर्माच्या नावावर मते मागणाऱ्यांचे काम आयतेच सोपे होते. उपहासाऐवजी इतिहास हाती घेतला, तर बौद्ध, ख्रिस्ती आणि इस्लाम या तिन्ही विश्वव्यापी धर्मांचा उगम प्रस्थापिताशी झालेल्या भांडणात सापडतो. मग हेच धर्म प्रस्थापितांचे आधारस्तंभ कसे झाले? याचे उत्तर त्यांच्या शिकवणुकीपेक्षा त्यांच्या संस्थांच्या जमाखर्चात शोधणे अधिक फलदायी ठरेल.

यज्ञातील हिंसा आणि जन्मजात श्रेष्ठत्व नाकारणाऱ्या बुद्धाच्या संघात भिक्षूला सोने-रुपे घेण्याची मनाई होती. परिनिर्वाणानंतर सुमारे शंभर वर्षांनी वैशालीचे भिक्षू उपासकांकडून नाणी घेऊ लागले, तेव्हा दुसऱ्या संगीतीने ते निषिद्ध ठरविले, असे परंपरा सांगते. त्यानंतरच्या काही शतकांत काय घडले, याचा दाखला नाशिकच्या पांडवलेण्यांत कोरलेला आहे. क्षहरात क्षत्रप नहपान याचा जावई उषवदात याने लेण्यातील भिक्षूंसाठी ३००० कार्षापणांची अक्षय ठेव गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवली. २००० वर दरमहा शेकडा १ आणि १००० वर शेकडा पाऊण असे व्याज ठरले. मुद्दल कधीही परत घ्यावयाचे नव्हते. २००० चे वार्षिक व्याज २४० होते; वर्षावासात २० भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ कार्षापण. हिशेब चोख आहे. भिक्षूच्या अंगावरचे वस्त्र आता विणकराच्या मागावरून वसूल होणाऱ्या व्याजातून येत होते. याच उषवदाताने कार्ल्याच्या संघाला करजिक गाव दिले. सातवाहन गौतमीपुत्राने क्षहरातांचा उच्छेद केला, पण संघाच्या दानाला धक्का लावला नाही. उलट तेच गाव पुन्हा दिल्याचे कोरून ठेवले. राजे एकमेकांशी लढले, मठाची मिळकत सुरक्षित राहिली.

यात भिक्षूंची लबाडी शोधण्यात अर्थ नाही. जुन्नरची लेणी नाणेघाटाजवळ आणि कार्ल्याची बोरघाटाजवळ उभी राहिली, ती व्यापारी मार्गांच्या आश्रयाने. कार्ल्याच्या दात्यांत सुतार आहे, सुगंधी द्रव्ये विकणारा गंधी आहे. कष्टकऱ्यांनीही ही संस्था आपली मानली, हे नाकारून चालणार नाही. तथापि ज्या संस्थेचे गाव राजाच्या शासनपत्रावर अवलंबून असते, ती राजाला कोणता प्रश्न विचारणार?

ख्रिस्ती धर्माची वाटचाल याहून वेगाने झाली. रोमने क्रूसावर चढविलेल्या एका गालिलियन कारागिराचे अनुयायी प्रारंभी जेरुसलेममध्ये मालमत्ता सामाईक ठेवीत, असे त्यांचे धर्मग्रंथ सांगतात. ३१३ साली साम्राज्याने या धर्माला मोकळीक दिली. ३२१ साली कॉन्स्टंटाइनने मृत्युपत्राने चर्चला संपत्ती देण्याची मुभा देणारा कायदा केला. ३८० साली तो राज्याचा धर्म झाला, आणि ३८५ च्या सुमारास प्रिसिलियन या ख्रिस्ती बिशपलाच ख्रिस्ती सम्राटाच्या न्यायासनाने देहदंड दिला. छळ सोसणाऱ्यांपासून छळ करणाऱ्यांपर्यंतचे अंतर ७५ वर्षांतच काटले गेले.

मक्केच्या धनाढ्य कुरैश व्यापाऱ्यांना आव्हान देणाऱ्या इस्लामने संपत्ती केवळ श्रीमंतांतच फिरू नये, असे बजावले आणि जकात हे कर्तव्य ठरविले. पैगंबरांचे साथी अबू जर्र हे धनसंचयावर टीका करीत राहिले, म्हणून तिसऱ्या खलिफांच्या काळात त्यांना रबजाच्या वाळवंटात राहावे लागले, असे परंपरेने नोंदविले आहे. ६६१ साली मुआविया सत्तेवर आला, त्याने आपल्या पुत्राला वारस नेमले आणि खिलाफत वंशपरंपरागत झाली. ६८० साली करबला येथे पैगंबरांच्या नातवाची हत्या झाली, ती याच सत्तेच्या सैन्याकडून.

मात्र संस्था विकली गेली तरी मूळ तक्रार विकली जात नाही. १३८१ च्या इंग्लंडमधील शेतकरी उठावात जॉन बॉल हा पाद्री होता. १५२५ च्या जर्मन शेतकरी युद्धात थॉमस म्युन्झर हा धर्मोपदेशक होता. जमीनदारांचे चर्च ज्या बायबलचा आधार घेत होते, त्याच बायबलमधून या दोघांनी वेठबिगारीविरुद्धचा युक्तिवाद काढला. दोघांनाही ठार मारण्यात आले. यांना अफूच्या अमलाखालचे म्हणणारा कार्यकर्ता आपल्याच पूर्वसूरींना नाकारतो.

डॉ. आंबेडकरांनी ही दोन्ही टोके पाहिली होती. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला लाखो अनुयायांसह त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, ती त्यातील समतेसाठी. पण संघाला त्यांनी प्रश्नांतून वगळले नाही. त्यांच्या निधनानंतर १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या धम्मग्रंथाच्या प्रास्ताविकात त्यांनी विचारले आहे, की बुद्धाने भिक्षू निर्माण केला तो स्वतःपुरता परिपूर्ण माणूस म्हणून, की लोकांचा सेवक म्हणून.