पडद्याकडे पाहण्याचे शिक्षण

बारावीचे निकाल लागले, की रविवारच्या मिस्सेनंतर चर्चच्या आवारात एकच चर्चा असते : मुलांनी पुढे कोणता विषय घ्यावा? गेल्या काही वर्षांत या चर्चेत एका नव्या प्रश्नाची भर पडली आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणास अनुसरून महाराष्ट्रातील स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून मुख्य विषयाच्या जोडीला दुसरा एक विषय घेण्याची सोय झाली. मुले त्याला ‘मायनर’ म्हणतात. हा जोडविषय काही ठिकाणी चित्रपट-अभ्यासाचाही असू शकतो. एखाद्या मुलीने अर्थशास्त्राबरोबर तो घेण्याची इच्छा व्यक्त केली, की घरात जे वादळ उठते ते आम्ही जवळून पाहिले आहे. “सिनेमा पाहायला कॉलेजात कशाला जायचे? तो तर घरी बसून दिसतो!”

घरी बसून दिसतो, हे खरेच आहे. पण पवित्र शास्त्राचा ग्रंथही आपल्या घरोघरी आहे. म्हणून बायबल-वर्गाची गरज संपली, असे आपल्यापैकी कोणी म्हणत नाही. कोणी लिहिले, कोणासाठी लिहिले, कोणत्या काळात लिहिले, हे विचारल्याशिवाय वचनाचा अर्थ लागत नाही, हे आपण मुलांना शिकवतो. आणि तीच मुले दिवसाचे कित्येक तास ज्या चित्रांपुढे बसतात, त्यांच्याविषयी असा एकही प्रश्न विचारायला मात्र त्यांना शिकवत नाही. ही विसंगती आम्हांस अस्वस्थ करते.

एक उदाहरण घेऊ. ‘अमर अकबर अँथनी’ हा १९७७ चा चित्रपट आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिला आहे. त्यातील अँथनी गोन्सालविस दारूचा गुत्ता चालवतो आणि ईस्टरच्या समारंभात भल्यामोठ्या अंड्यातून बाहेर येऊन गातो. आपण हसलो, टाळ्या वाजवल्या. थोडे खट्टूही झालो असू. हिंदी पडद्यावरचा ख्रिस्ती माणूस बाटलीशिवाय दिसत नाही, ही आपली जुनी तक्रार आहे. ‘बॉबी’ (१९७३) आणि ‘ज्यूली’ (१९७५) आठवून पाहावे. पण तक्रार म्हणजे अभ्यास नव्हे. अँथनी गोन्सालविस या नावाचा खराखुरा माणूस होता, हे आपल्यातील किती जणांना ठाऊक आहे? ते गोव्यातील माजोर्ड्याचे व्हायोलिनवादक आणि संगीत-संयोजक. लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीतील प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले, आणि शिष्याने गुरूचे नाव त्या गाण्यात अमर केले. १९५८ साली मुंबईत ‘इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा’ उभारणारा हा व्रती कलावंत २०१२ साली निवर्तला. पडद्यावर मात्र त्याचे नाव गुत्तेवाल्याला मिळाले!

येथे खरे प्रश्न सुरू होतात. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत गोव्याचे इतके कॅथलिक वादक आले कोठून? याचे उत्तर इतिहासात आहे : पोर्तुगीज राजवटीत गोव्याच्या धर्मग्रामांतील शाळांत मुलांना स्वरलिपी वाचायला शिकवली जाई, ती गायनवृंदासाठी. संगीतकार चाल रचत. ती कागदावर उतरवून प्रत्येक वाद्याचा वाटा लिहून काढण्याचे काम सेबास्टियन डिसोझा यांच्यासारखे संयोजक करीत. श्रेय कोणाला मिळाले, मोबदला किती मिळाला, हा अर्थशास्त्राचा प्रश्न. नावांच्या पाटीवर कोण आले नाही, हा समाजशास्त्राचा. मिस्सेच्या संगीतातून सिनेमाच्या गाण्यात काय उतरले, हा संगीताचा. एकच विभाग याचे उत्तर देऊ शकत नाही. चित्रपट हा विषय अनेक विद्याशाखांच्या सीमेवर उभा आहे, आणि म्हणूनच तो मुख्य विषयाच्या जोडीला शोभतो. जिचा पाया इतिहासाचा वा अर्थशास्त्राचा पक्का आहे, तिलाच असे प्रश्न सुचतील.

“पण हे धर्माला धरून आहे का?” असेही विचारले जाते. विचारणाऱ्यांच्या मनात १९३६ आहे. त्या वर्षी परमगुरू अकरावे पायस यांनी ‘व्हिजिलांती कुरा’ हे विश्वपत्र काढून अनीतिमान चित्रपटांपासून दूर राहण्याची प्रतिज्ञा श्रद्धावंतांनी दरवर्षी करावी, असे सांगितले. (त्याच वर्षी पुण्यात प्रभात कंपनीने ‘संत तुकाराम’ काढला होता, ही गोष्ट जाता जाता ध्यानात ठेवण्यासारखी आहे.) परंतु ख्रिस्तसभा १९३६ वर थांबली नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ च्या ‘इंतेर मिरिफिका’ या निर्णयपत्रात कॅथलिक शाळांमधून तरुणांना या माध्यमांचे शिक्षण द्यावे, असे स्पष्ट सांगितले. चित्रपटाच्या शताब्दीनिमित्त १९९५ साली व्हॅटिकनने ४५ चित्रपटांची यादी काढली. तीत संत मत्तयकृत शुभवर्तमानावरील चित्रपट आहे, आणि त्याचा दिग्दर्शक पासोलिनी हा नास्तिक व साम्यवादी होता. त्या यादीत भारतीय दिग्दर्शकाचा एकही चित्रपट नाही, याबद्दल आम्ही आमचा निषेध येथे नोंदवून ठेवतो. आणि फादर गास्तों रोबेर्ज? हे कॅनडाचे येशूसंघीय धर्मगुरू १९६१ साली कोलकात्यास आले, सत्यजित राय यांच्या पाठिंब्याने १९७० मध्ये ‘चित्रबाणी’ ही संस्था स्थापून भारतीयांना चित्रपट वाचायला शिकवीत राहिले, आणि २०२० साली याच भूमीत विसावले. त्यांना धर्मबाह्य म्हणण्याचे धाडस कोण करील? खुद्द दादासाहेब फाळके यांना चित्रपट काढण्याची प्रेरणा झाली ती प्रभू ख्रिस्ताच्या चरित्रावरील चित्रपट मुंबईत पाहून. त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ चा.

नोकरीचा प्रश्न आम्ही टाळत नाही. या जोडविषयाच्या बळावर नोकरी मिळेल, असे कोणी सांगत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नये. आमचा दुसरा राग आहे तो अशा आश्वासनांवरच. काही महाविद्यालये चित्रपट-अभ्यास म्हणजे कॅमेरा हाताळणे आणि संगणकावर दृश्ये जोडणे, एवढेच समजतात. माहितीपत्रकावर कॅमेऱ्याचे चित्र झळकते आणि वर्गात शुक्रवारी दुपारी एखादा चित्रपट लावून शिक्षक उठून जातात. तंत्र शिकण्यास आमचा विरोध नाही. त्यासाठी पुण्यात १९६० पासून, प्रभातच्याच जागेत, राष्ट्रीय संस्था उभी आहे. पदवीच्या वर्गात मात्र पाहणे, वाचणे आणि लिहिणे हेच शिकवले गेले पाहिजे, अन्यथा पालकांची शंका खरी ठरेल आणि दोष विषयाच्या माथी येईल.

तेव्हा प्रवेशअर्ज भरण्यापूर्वी पालकांनी मुलीशी भांडू नये. तिला घेऊन महाविद्यालयात जावे आणि विचारावे : हा विषय किती विभाग मिळून शिकवतात? वर्षभरात किती चित्रपट पूर्ण दाखवता, आणि त्यांत मराठी किती? मुलांकडून किती पाने लिहून घेता? या प्रश्नांना नीट उत्तरे मिळाली, तर अर्जावर सही करावी. मिळाली नाहीत, तर तेच प्रश्न प्राचार्यांना लेखी विचारावेत.